आज रोख, उद्या उधार

मराठी घरात कौतुकाचे अधिकृत मुहूर्त दोनच. एक सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ आणि दुसरी शोकसभा. पहिल्यात निदान शाल-श्रीफळ तरी हातात पडतं. अधल्यामधल्या वर्षांत माणसाने काही बरं केलंच, तर त्याच्या वाट्याला 'ठीक आहे' येतं. आमटी फर्मास झाली तर आपण दुसऱ्यांदा वाढून घेतो, तोंडाने सांगत नाही. पोराला ब्याण्णव टक्के मिळाले तर उरलेले आठ कुठे गेले याची चौकशी बसते. यात कंजूषपणा नाही, तत्त्व आहे. कौतुक केलं की माणूस शेफारतो. शेफारलेला माणूस पुढे नेमकं काय करतो हे मात्र कुणी पाहिलेलं नाही, कारण तितकं कौतुक आजवर कुणाचंच झालेलं नाही.

अशा घरात कुत्रं यावं आणि त्याला मारझोड न करता, खेळातून, खाऊ देऊन शिकवायचं ठरावं, की पहिली पंचाईत कुत्र्याची होत नाही.

आमच्याकडची कुत्री अस्सल गावठी. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा अजून विचारात पडलेला. लेकीने तिला भर पावसात पार्किंगमधून उचलून वर आणलं. आईने 'दोन दिवस ठेवू' अशी अट घातली आणि संध्याकाळच्या आत तिला 'ठकी' म्हणून हाक मारून स्वतःच ती अट निकालात काढली.

सोसायटीतल्या जाणत्यांचे सल्ले लगोलग आले. "पेपरची गुंडाळी करून एक ठेवून द्या." "एकदा चौदावं रत्न दाखवा, जन्मभर सरळ राहील." ही विद्या जुनी आहे. जर्मन पोलिसांची कुत्री तयार करणाऱ्या कॉनराड मोस्ट यांचं पुस्तक १९१० सालचं, आणि त्यातला मोठा भर सक्तीवर. पण या विद्येत एक खोट आहे. गुरगुरल्याबद्दल मारलं, तर कुत्रं गुरगुरायचं सोडू शकतं. चावायचं सोडेलच असं नाही. पूर्वी नोटीस देऊन चावायचं, आता विनानोटीस चावतं.

तळमजल्यावरच्या काकांचं म्हणणं याहून खोल होतं. "कुत्र्याला कळलं पाहिजे, टोळीचा म्होरक्या कोण आहे!" या म्होरक्याचं मूळ शोधत गेलं की आपण स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात पोचतो. तिथे एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली निबंध लिहिला. पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा' लांडगा घरोघरी नेला. आणि १९९९ मध्ये याच मेक यांनी लिहिलं, की रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्या नावाने जगभर पट्ट्यांना हिसके बसत होते, तो अल्फा म्हणजे साधे बाबा निघाले. बाबांच्या शब्दाला घरात काय वजन असतं हे मी काकांना सांगायला गेलो नाही. त्यांच्याही घरात ते बाबाच आहेत.

शेवटी लेकीने एका ट्रेनर मुलीला बोलावलं. वयाने लेकीहून फार तर चार वर्षांनी मोठी. तिने आल्या आल्या मला 'काका' केलं आणि ठकीकडे ढुंकूनही न बघता आम्हां चौघांना सोफ्यावर ओळीने बसवलं.

"काका, तुम्ही हाक मारल्यावर ती तुमच्याकडे बघते का?"

"मनात आलं तर."

"मग का बघावं तिने? खिडकीत कबुतर आहे, जिन्यात मांजर आहे, ओट्याखाली कचऱ्याचा डबा आहे. तुमच्याकडे काय आहे?"

इतका थेट प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता. तिचं म्हणणं असं, की 'बस', 'थांब', 'ये' हे सगळं नंतरचं. आधी कुत्र्याला आपल्याकडे लक्ष द्यावंसं वाटलं पाहिजे. लक्ष दिलं की काहीतरी बरं घडतं, हे त्याला रोज, खेळता खेळता, पुन्हा पुन्हा कळलं पाहिजे. आणि ते बरं काहीतरी ताबडतोब घडलं पाहिजे. फार तर एका सेकंदात.

एका सेकंदात! जिथे कौतुक पोचायला माणसाला आधी निवृत्त किंवा दिवंगत व्हावं लागतं, तिथे एक सेकंद.

यावर उपाय समुद्रातून आला आहे. कॅरन प्रायर या बाई १९६० च्या दशकात हवाईत डॉल्फिनना शिकवत होत्या. डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही आणि पेपरची गुंडाळीही पाण्यात टिकत नाही. रागावलात तर तो तळाशी निघून जातो, तुम्ही बसा काठावर. तेव्हा शिट्टी आणि मासा. त्याने हवी तशी उडी मारली की त्याच क्षणी शिट्टी. मासा मागाहून पोचला तरी चालतं, कारण शिट्टीचा अर्थच 'हेच ते, पैसे येताहेत' असा होऊन बसतो. १९८४ साली प्रायरबाईंनी यावर 'डोन्ट शूट द डॉग' हे पुस्तक लिहिलं. नको असलेली सवय घालवण्याच्या आठ पद्धती त्यात आहेत, आणि पहिलीच आहे: प्राण्याला गोळी घालणे. आमच्या सोसायटीचं मत साधारण तिथवर पोचलेलं होतं. मजा म्हणजे त्या पद्धती समजावताना बाई कुत्र्यावर थांबत नाहीत. खोलीभर कपडे पसरणाऱ्या रूममेटलाही त्याच यादीत बसवतात.

आम्हाला शिट्टी नको होती, कारण घरात कुकर आहे. दाबला की 'टक्' वाजणारा क्लिकर आणला, तो आईने रिमोटच्या शेजारी ठेवला आणि त्यानंतर दोन्ही दिसेनासे झाले. तेव्हा एखादा शब्द ठरवायचा झाला. ट्रेनर म्हणाली, शब्द आखूड हवा. 'शाब्बास' म्हणून होईतो बसलेली कुत्री उठलेली असते, आणि मग शाबासकी उठल्याची मिळते. दुसरी अट, तो शब्द घरात एरवी सारखा कानावर पडणारा नको. नाहीतर कुत्र्याचा गोंधळ उडतो. आम्ही सगळे विचारात पडलो. मग बायको शांतपणे म्हणाली, "'छान' ठेवा. आपल्याकडे कोण म्हणतं?"

ठराव एकमताने मंजूर झाला.

आता चलन. खाऊचा तुकडा वाटाण्याएवढा असावा, आणि दिवसभरात जेवढे तुकडे गेले तेवढं जेवणातून वळतं करावं. नाहीतर शिकलेली कुत्री दारातून मावत नाही. तुकड्यांचे दर कामाप्रमाणे. घरातल्या घरात, कबूतर नसताना 'बस' म्हटल्यावर बसली तर गाजर. बेल वाजलेली असताना बसली तर पनीर. जिन्यात मांजर समोर असताना मान वळवून आपल्याकडे बघितलं, तर उकडलेलं चिकन, तेही मूठभर. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला बाधतात, ते बंद. बेदाण्यांवर आई हटून बसली. सत्यनारायणाच्या शिऱ्यातल्या बेदाण्यानेही बाधा होते हे तिला पटेना. "प्रसाद कसा बाधेल?" शेवटी बेदाण्याविना शिऱ्याची एक वेगळी मूद देवापुढे गेली, आणि मगच पूजा पुढे सरकली.

पहिला खेळ नावाचा. नाव एकदाच घ्यायचं. ती वळली की 'छान' आणि तुकडा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण आमच्याकडे 'ठकी' हा शब्द तोवर 'ठकी, उतर', 'ठकी, नको', 'ठकी, सोड ती चप्पल' एवढ्याच वाक्यांत वापरला गेला होता. आपलं नाव ऐकून पुढे काही बरं येईल असा अनुभव तिला नव्हता. शाळेत माझं पूर्ण नाव आडनावासकट पुकारलं गेलं की मीही खिडकीबाहेर बघायचो. आठवडाभर नावामागोमाग नुसता खाऊ आला, आणि ठकी नाव घेताच अशी गर्रकन वळायला लागली की शेपटी मागून यायची. लेकीने हे सगळं बारकाईने पाहिलं आणि विचारलं, "बाबा, माझं नाव घेतल्यावर पुढे काय येतं, लक्षात आलंय का तुमच्या?" माझ्या लक्षात आलं. 'मोबाइल ठेव' येतं.

दुसरा खेळ मुठीचा. पनीरचा तुकडा मुठीत घ्यायचा, मूठ तिच्या नाकासमोर धरायची आणि काही म्हणजे काही बोलायचं नाही. हा 'काही न बोलण्याचा' भाग आमच्या घराला सगळ्यांत जड गेला. ठकीने आधी मूठ हुंगली. मग चाटली, अंगठा आणि तर्जनीच्या फटीत जीभ घालून पाहिली. मग पुढच्या दातांनी माझं बोट हलकेच कुरतडलं, बरणीचं झाकण कुठून फिरतं ते बघावं तसं. मग पंजा. नखांच्या दोन पांढऱ्या रेघा मनगटावर. मग एक भुंकणं, थेट तोंडावर.

"दे रे तिला," सोफ्यावरून आई. "अन्नाला असं झुलवू नये."

"आई, ती आत्ता सोडणार आहे."

"ती नाही सोडत. आपल्या घरातली आहे."

शेवटी ठकी मागे सरली. नाकातून जोरात हवा सोडली, जीभ एकदा ओठांवरून फिरवली आणि बसली. नजर मुठीवरून मनगटावर, तिथून कोपरावर, खांद्यावर आणि अखेर माझ्या तोंडावर आली. तिचे डोळे असे सरळ माझ्या डोळ्यांत आले ते पहिल्यांदाच.

"छान!" आई ओरडली. माझ्या आधी.

आईचं टायमिंग आमच्यात सर्वांत अचूक निघालं. दूध उतू जाण्याच्या आदल्या क्षणी गॅस बंद करण्यात जिची पन्नास वर्षं गेली, तिला एक सेकंद म्हणजे काय हे शिकवायला लागत नाही. त्या नजरेचंही शास्त्र आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं, की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडे टक लावून बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात असतं तेच संप्रेरक. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यासाठी जपानला कशाला जायला हवं होतं?"

आईचा आधुनिक मानसशास्त्राबद्दलचा अनुभव एकंदर असाच आहे. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली मांडलं, की प्राण्याला जे करायला आवडतं ते, न आवडणाऱ्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. ठकीला जिन्यातला प्रत्येक कोपरा हुंगायचा असतो. तर आधी दारात शांत बस, मग पट्टा सैल, मग हुंग. खाऊचा खर्च शून्य. अमेरिकेतही याला 'आजीचा नियम' म्हणतात. आमच्याकडच्या आजीने तो तीन पिढ्यांवर राबवला आहे: आधी शुभंकरोती, मग जेवण, आधी पाढे, मग खेळ. फक्त निबंध लिहायचा राहून गेला.

तिसरा खेळ हाकेचा. घरातल्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत उभं राहायचं आणि आळीपाळीने बोलवायचं. आली की 'छान', तुकडा, आणि पुढच्या खोलीतून पुढची हाक. मी हॉलमध्ये गाजर घेऊन, बायको बेडरूममध्ये पनीर घेऊन, आई स्वयंपाकघरात. पहिल्या दोन फेऱ्या ठीक झाल्या. तिसऱ्या फेरीपासून मी हाक मारली की ठकी उत्साहाने निघायची, माझ्यावरून पुढे जायची आणि स्वयंपाकघरात पोचायची. चौकशीअंती कळलं, आई तूप लावलेली पोळी देत होती. दर ठरवून दिले आहेत याची आठवण केल्यावर ती म्हणाली, "मला नाही बाई गाजरावर कुणाला बोलवता येत."

चौथा खेळ जुन्या टॉवेलचा. टॉवेल अंथरायचा, त्यावर तुकडे पेरायचे, सुरळी करायची आणि कुत्र्याला शोधू द्यायचं. कुत्र्याचा मेंदू नाकाने चालतो. दहा मिनिटं हुंगून ते असं दमतं की मग सोफा वाचतो. ठकीने सगळे तुकडे शोधले, निम्मे खाल्ले आणि उरलेले एकेक करून आईच्या उशीखाली पुरले. ही शिकवणीतली चूक नव्हे. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे जोडपं एकेकाळी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या हाताखाली शिकलं आणि पुढे प्राणी शिकवण्याच्या धंद्यात पडलं. त्यांनी १९६१ साली आपल्या फसलेल्या प्रयोगांवर निबंध लिहिला. त्यात एक रकून आहे. नाणं उचलून डब्यात टाकलं की खाऊ, हे तो शिकला. पण दोन नाणी दिल्यावर तो ती टाकेनाच. एकमेकांवर घासत बसला, डब्यात बुडवून परत बाहेर काढू लागला. रकून पकडलेलं अन्न जसं हाताळतो, तसंच. शिकवलेल्या गोष्टीवर जन्मजात खोडीने मात केली. लग्नाच्या आहेराचं पाकीट द्यायच्या आधी पुन्हा उघडून आतल्या नोटा चाचपणारे माझे एक मामा आहेत. त्यांना शिकवणारेही असेच हरले.

पाचवा लपाछपीचा. आपण लपायचं, कुत्र्याने शोधायचं. माणूस नजरेआड झाला की त्याला शोधायची सवय लागते. टू बीएचकेमध्ये लपायच्या जागा मोजक्या: दाराआड, कपाटाच्या कडेला, पडद्यामागे. चौथी जागा म्हणजे बाथरूम, आणि तिथे लपलेल्याला शोधलेलं कुणालाच आवडत नाही. एका रविवारी मी पडद्यामागे असताना बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, हातात पावतीपुस्तक.

"बाबा आहेत का?"

"आहेत," लेक म्हणाली, "पण लपलेत."

त्याच क्षणी ठकीने माझ्या पायाच्या अंगठ्याला नाक लावलं. अशा वेळी नियम स्पष्ट आहे. सापडल्याच्या सेकंदाला शब्द गेलाच पाहिजे. पडद्यामागून मी मोठ्याने म्हणालो, "छान!" सेक्रेटरींनी पावतीपुस्तक मिटलं आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणाले. आमचा मेंटेनन्स भरलेला होता, पण हे सांगायला मी पडदा बाजूला करेपर्यंत ते लिफ्टमध्ये होते.

ट्रेनरने निघताना एक नियम तेवढा घोटून घेतला होता. काम नीट जमायला लागलं की खाऊ हळूहळू कमी करा, कधी द्या, कधी देऊ नका, चालतं. पण 'छान' म्हणालात तर तुकडा द्यायचाच. चुकून म्हणालात तरी द्यायचा. शब्द फुकट गेला की त्याची पत जाते, मग तो नुसता आवाज उरतो.

या नियमाचे परिणाम कुत्रीपुरते राहिले नाहीत. ठकीला 'छान' कुणाला उद्देशून आहे हे समजत नाही, समजून घ्यायची तिला गरजही नाही. शब्द ऐकू आला की ती असेल तिथून येते, समोर बसते आणि बघते. लेक फोनवर मैत्रिणीला "छान गं" म्हणाली की तिला उठून डब्याकडे जावं लागतं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतले परीक्षक तर महागच पडले. एका भागात दोन गाजरं गेली. शेवटी आम्ही ती स्पर्धा आवाज बंद करून बघायला लागलो.

एका रात्री मी धीर करून बायकोला म्हणालो, "आमटी छान झालीय." तिने वाढता वाढता हात थांबवला. "काय हवंय?" तोवर ठकी येऊन बसलेली. मी उठलो, डबा उघडला, तुकडा दिला, परत आलो. बायको हे सगळं बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मनापासून म्हणालात." उगाच बोललेल्या शब्दासाठी मी जेवता जेवता पानावरून उठणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. त्यानंतर आमच्याकडे हा शब्द वाढला नाही, पण खराखुरा झाला. कुणी 'छान' म्हणालं आणि डबा आणायला उठलं, की समजावं, खरंच छान आहे.

खरी अडचण होते ती बाहेरच्यांची. परवा तळमजल्यावरचे काका आले; म्होरक्यावाले. बायकोने पोह्यांची बशी पुढे केली. काकांनी मोबाइलवरून नजर न काढता एक घास घेतला आणि म्हणाले, "वहिनी, छान झालेत हं पोहे."

ठकी आतून आली, त्यांच्या गुडघ्यासमोर बसली आणि वर बघू लागली.

"ही अशी काय बघते?"

"तुम्ही 'छान' म्हणालात ना," लेक म्हणाली, "आता द्यावं लागेल. पोह्यांतलं नको, कांदा आहे. डबा फ्रिजवर आहे."

काकांनी फ्रिजकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग बशीकडे. "तसं," ते म्हणाले, "मीठ जरा कमीच पडलंय."

पण ठकीकडे एकदा दिलेला शब्द परत घेत नाहीत. ती हलली नाही. शेवटी काकाच उठले.